‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

भोरहून रायरेश्वराकडे निघालं की वाटेत आंबवडे लागतं. आमचं जुनं घर तिथलं. त्या घराच्या माजघरात माझे चुलते, तात्या, अकरा दिवस पडून होते. जबड्याचा कॅन्सर, गळ्यापर्यंत पसरलेला. पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात घेऊन सांगितलं, “आता इथं करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्या. खातील ते द्या.” मग एका छापील कागदावर सही घेतली. त्यावर लिहिलं होतं की, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर आम्ही रुग्णाला नेत आहोत.

सल्ला त्यांचाच होता आणि कागद म्हणत होता की आम्ही तो मोडला.

या एका वाक्याचा मी पुढे बरीच वर्षं विचार केला. डॉक्टर खोटारडे नव्हते. आयुष्य संपवण्याला हातभार लावला, असा आरोप उद्या कुणी केला तर काय, ही भीती त्या कागदामागे होती. पण सल्ल्याविरुद्ध गेलेला रुग्ण कुणाचाच राहत नाही, हा त्या कागदाचा खरा परिणाम. दुखणं वाढलं तर काय द्यायचं, घशात घोट अडकला तर कुशीवर कसं वळवायचं, रात्री कुणाला फोन करायचा, यातलं काहीही लिहून मिळालं नाही.

आंबवड्यात मरणाची ओळख करून द्यावी लागत नाही. झुलत्या पुलापलीकडे, नागेश्वराच्या परिसरात शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. 1707 साली शाहूराजे परतले, इकडे ताराबाईंना शब्द दिलेला, आणि त्या पेचात सचिवांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. इच्छामरणाचा विषय निघाला की गावातलं कुणी ना कुणी त्या समाधीकडे बोट दाखवतं. मला ती तुलना पटत नाही. तो धडधाकट माणसाचा, निष्ठेपायी घेतलेला निर्णय होता. तात्या मरण मागत नव्हते. त्यांना वेदना नको होती, एवढंच. ‘इच्छामरण’ हा भीष्माचा शब्द आपण दवाखान्यात आणला आणि त्यानं फार घोटाळा केला. आपल्या न्यायालयांनी मान्य केलंय ते याहून साधं आहे: ज्या उपचारांनी बरं होणार नाही, ते नाकारून आजाराला त्याच्या गतीनं जाऊ देणं.

तिथवर पोचायलाही किती काळ लागला! 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर त्या जवळजवळ 42 वर्षं त्याच रुग्णालयात निपचित होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन उपचार थांबवता येतील असं तत्त्व मान्य केलं. अरुणांच्या बाबतीत मात्र नकार दिला, कारण त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या परिचारिकांना ते नको होतं. मला त्या परिचारिकांविषयी नेहमी आदर वाटत आला आहे. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं अरुणा गेल्या. 2018 मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं आगाऊ इच्छापत्र मान्य केलं, पण त्याची वाट इतकी काटेरी होती की 2023 मध्ये ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि ही इच्छापत्रं सांभाळायला महाराष्ट्रात अधिकारी नेमले गेले.

मात्र प्रत्यक्ष उपचार थांबवायचे तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं एक मंडळ लागतं, आणि त्यावर दुसरं मंडळ. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात ही माणसं एका मजल्यावर भेटतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ती कुठून गोळा करणार? इथं यंत्र बंद करण्याचा प्रश्न येतच नाही. इथं यंत्र पैसे संपल्यावर बंद होतं आणि माणूस घाटातून घरी येतो.

डॉक्टरांची कोंडीही खरी आहे. नातेवाईक आधीच बजावतात, पेशंटला सांगू नका. खरं बोललं तर ‘हात वर केले’ म्हणतात, बोललं नाही तर ‘बिल वाढवलं’. वर मारहाणीची भीती. आणि शिक्षण असं की मरण म्हणजे आपली हार. तरी मला वाटतं, ‘घरी न्या’ हा उपचाराचा शेवट धरणं ही सवयीतली चूक आहे. तिथून वेगळा, वेदना शमवणारा उपचार सुरू व्हायला हवा. त्यासाठीच मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं. पुण्यात वारज्याला, भोरहून पुण्यात शिरताना लागणाऱ्या महामार्गाच्या कडेला, सिप्लाचं केंद्र 1997 पासून कॅन्सर रुग्णांना मोफत सांभाळतंय. आम्ही तात्यांना घेऊन त्याच महामार्गानं आलो. ते केंद्र असल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं वेदना शमवणारं मॉर्फिन इतकं दुर्मीळ केलं की डॉक्टरांच्या पिढ्या ते लिहून न देताच निवृत्त झाल्या. 2014 च्या दुरुस्तीनं नियम सुटसुटीत केले. कागदावर. केरळनं 2008 मध्ये धोरण आखून, शेजारपाजारचे स्वयंसेवक आणि परिचारिका यांच्या जोरावर वेदनाशमनाची सेवा घराच्या उंबऱ्यापर्यंत नेली. आपल्याकडेही आशाताई वस्तीवस्तीत जातात. त्यांच्या पिशवीत बाळंतिणीसाठी सगळं असतं. मरणाऱ्यासाठी काहीच नसावं?

नवव्या रात्री तात्या भिंतीला टेकून बसून राहिले. आडवं होता येत नव्हतं. बायका म्हणत होत्या, जीव कशात तरी अडकलाय. कुणाला बघायचंय का विचारा. तात्यांना सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. त्यांना काय हवंय हे पुण्यातही कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही नाही. अकराव्या दिवशी पहाटे त्यांना खाली घेतलं, तोंडात तुळशीपत्र घातलं.

तेराव्याला भोरचे आमचे नेहमीचे डॉक्टर आले. मी जरा रागानंच म्हटलं, “त्या रात्री तुम्हाला बोलवायला हवं होतं.” ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, “आलो असतो. पण हातात काय घेऊन आलो असतो?”