गंज आणि स्नेह

संतसज्जनहो, परमार्थ समजावून घ्यायला दृष्टांत दूर शोधावे लागत नाहीत. शेतकऱ्याला तो औतात सापडतो, कुंभाराला चाकावर सापडतो. आज आपण कारागिराच्या ओट्यावर जाऊन बसू. तिथे एक जुने यंत्र उलटे करून ठेवले आहे आणि त्याचा एक नट काही केल्या हलत नाही. एवढाच आजचा विषय.

हे यंत्र हिरवळ कापायचे. बागेत, शाळेच्या मैदानावर तुम्ही ते पाहिले असेल. इंग्लंडात स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. कापडाच्या गिरणीत लोकरीवरची लव कातरणारे यंत्र असे. त्यावरून त्याला गवत कातरायची युक्ती सुचली आणि १८३० साली त्याने हे यंत्र काढले. गंमत अशी, की पुढे त्याच माणसाने लहानमोठा करता येणारा पानाही बनवला. जोडणाऱ्याने सोडवण्याचीही काळजी वाहावी, हे त्यात आलेच.

आता आपल्यापुढचे यंत्र पाहा. खाली पाते आहे, पाते एका नटाने धरले आहे. पावसाळाभर गवत कापले, ओला चोथा तसाच चिकटून राहिला, आणि यंत्र पडवीत लोटून दिले. कुणी पुसले नाही, कुणी तेलाचा थेंब सोडला नाही. पाणी आणि हवा मिळून लोखंडाला गंज चढला. गंजाचा स्वभाव असा, की तो जेवढे लोखंड खातो त्याच्या दुपटीहून अधिक जागा अडवतो. आट्यांमधली बारीक फट त्याने भरून काढली आणि नट बोल्टाला जखडला.

नट कोणत्या धातूचा? लोखंडाचा. बोल्ट? तोही लोखंडाचाच. आटे एकमेकांसाठीच पाडलेले. मग मध्ये आले कोण? बाहेरून शत्रू आला नाही. नुसती हयगय झाली.

सज्जनहो, दोन सख्ख्या भावांचे असेच होते. एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलेले. बांधावरून शब्दाला शब्द लागला, त्या दिवशी कुणी पुसून काढला नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. आता कारणही धड आठवत नाही, पण अबोला मात्र जागा अडवून बसला आहे.

आडदांड माणूस काय करतो? पान्याला लांब नळी लावतो आणि सारा जोर घालतो. मग एक तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, नाहीतर बोल्टच मोडतो. जाणता कारागीर तसे करत नाही. त्याची रीत ऐका.

पहिल्याने तो स्पार्क प्लगची तार काढून ठेवतो, पेट्रोल काढून घेतो. पाते फिरवताना इंजिन सुरू झाले तर हात जाईल. आपणही समेटाला जाताना ठिणगी घरी ठेवून जावे. जुने टोमणे बरोबर नेऊ नयेत.

दुसरे, आटे कुठल्या बाजूचे ते तो बघतो. बहुतेक नट घड्याळाच्या उलट फिरवले की सुटतात. पण काही उलट्या आट्याचे असतात. सायकलचे डावे पायडल पाहा. उलट आट्याला सुलट जोर लावला तर तो आणखी आवळतो. माणसाचा स्वभाव न ओळखता केलेला उपदेशही तसाच आवळतो.

तिसरे, तारेच्या ब्रशने वरचा गंज काढून तो गंज सोडवणारे पातळ तेल घालतो आणि थांबतो. रात्रभर थांबतो. सकाळी पुन्हा घालतो, नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके देतो, म्हणजे तेल आत झिरपते. आपल्या भाषेची थोरवी पाहा: तेलालाही स्नेह म्हणतात, मायेलाही स्नेहच म्हणतात. स्नेह एकदा घातला आणि लगेच पाना लावला, असे चालत नाही.

चौथे, बरोबर मापाचा रिंग पाना लावून नट आधी किंचित आवळायच्या बाजूला नेतो, मग सोडवायच्या. गंजाची पकड तिथेच तुटते. पुढे मागे, पुढे मागे. म्हणजे आधी भावाचे म्हणणे त्याच्या बाजूने ऐकावे, मग आपले सांगावे.

एवढ्यानेही नाही सुटले तर तेल पुसून, पेट्रोल दूर नेऊन आच देतात. आच कुणाला? बाहेरच्या नटाला. तो तापून केसभर मोठा होतो आणि पकड सैल पडते. जो आवळून बसला आहे त्यानेच तापायचे असते. यालाच अनुताप म्हणतात. आपण मात्र दुसऱ्याला तापवायला जातो!

आणि सर्वांत शेवटी छिन्नीने नट फोडतात. नट चार पैशांचा, यंत्र मोलाचे. नट जातो, दांडा वाचतो. हातभर बांध गेला आणि भाऊ राहिला, तर व्यवहार तोट्याचा झाला का? ज्याचा त्याने हिशेब करावा.

सुटल्यावर कारागीर आटे साफ करतो, ग्रीस लावतो, मगच नवा नट बसवतो. नाहीतर पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तेच. समेट झाला म्हणून जाणे-येणे थांबवू नये.

माउलींनो, शेवटचे एकच विचारतो. वारीत अनोळखी माणूस भेटला तरी आपण वाकून त्याच्या पाया पडतो, तोही आपल्या पडतो. कुळ विचारत नाही, गाव विचारत नाही. आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाचा उंबरा तेवढा ओलांडवत नाही? शेकडो मैल चालणाऱ्या पायांना ती दहा पावले जड का व्हावीत? यंदा दिंडीचे सामान बांधण्याआधी तेवढे चालून या. दार पहिल्या दिवशी उघडले नाही तर रागावू नका. स्नेह घातला आहे, तो झिरपतो आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.