कौशल्य होतं, तर शिकलात कुठे?

"सरकारनं कौशल्यावरच बंदी घातली हो!" 2025 च्या गणपतीत ज्या ज्या घरी गेलो, तिथे कोणी ना कोणी हे वाक्य ऐकवलंच. म्हणणारे सगळे शिकलेसवरलेले, नोकरीधंद्यात स्थिरावलेले. 21 ऑगस्टला राज्यसभेत ऑनलाइन खेळांचं विधेयक मंजूर झालं, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायची मोबाइलवरची रमी बंद पडली, आणि तेव्हापासून या मंडळींना कौशल्याची चिंता लागली आहे. रोजगार जातील, कर बुडेल, लोक परदेशी साइटवर खेळतील, हे मुद्देही कानावर आले. त्यांचा हिशेब अर्थशास्त्र्यांनी करावा. मला संताप येतो तो कौशल्याच्या सबबीचा. कारण रमीत कौशल्य खरोखरच आहे, आणि ते ज्यांनी कष्टानं कमावलं त्यांचा मान ही सबब चोरून नेते.

रमी शिकायला बसलेल्या पोराला पहिल्यांदा काय सांगतात? आधी शुद्ध सिक्वेन्स लाव, जोकरवर विसंबू नकोस. एकाच रंगाची ओळीनं तीन पानं, जोकरची मदत न घेता. ती नसेल तर बाकी हात कितीही देखणा असो, तो फुकट. मग सांगतात की एक्का, राजा, राणी, गुलाम दिसायला भारी, पण अंगावर बसले तर प्रत्येकी 10 गुण. सत्ती गरीब दिसते, पण ती पंजी-छक्कीला जुळते, छक्की-अठ्ठीला जुळते, अठ्ठी-नव्वीलाही जुळते. एक्क्याला एका बाजूला दुर्री-तिर्री, दुसऱ्या बाजूला राजा-राणी, एवढंच. हे कळायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो टाकलेली पानं लक्षात ठेवायला. दोन कॅट असतात, म्हणजे बदामाच्या राण्या दोनच. त्या दोन्ही पडून गेल्या, तरी बदामाचा गुलाम आणि राजा उराशी धरून राणीची वाट पाहणारा माणूस खेळत नसतो, आशा करत असतो. समोरच्यानं कोणतं पान उचललं, कोणतं नाकारलं, कोणतं टाकताना त्याचा हात अडखळला, हे बघण्यात खरा खेळ आहे. तो काही सुट्ट्या, काही गोकुळाष्टम्या आणि पुष्कळशी बोलणी खाऊन अंगी येतो.

आता मोबाइलवरच्या त्या रमीच्या ॲपकडे बघा. पानं लावायला बटण. शुद्ध सिक्वेन्स जुळली की बऱ्याच ठिकाणी तसं पडद्यावर लिहून यायचं. कोणती पानं पडली ते पाहायला खिडकी. जे शिकायचं ते सगळं यंत्र करत होतं, माणसानं करायचं एकच उरत होतं, ते म्हणजे पैसे लावणं. आणि वर म्हणायचं, कौशल्य! तबला शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी बोटं कुठे ठेवायची हे न सांगता थेट तिकीट लावलेल्या मैफलीत बसवणारा गुरू कोणी पाहिला आहे का? इथे तर नवशिक्याला आल्याआल्या बोनस मिळत होता. कौशल्य शिकवणारा कधी शिकाऊ माणसाला पैसे देऊन बोलावत नाही. शिकार हवी असलेलाच असं बोलावतो.

एका घरी कौशल्याचा हा कैवार जरा जास्तच रंगला, तेव्हा मी दोन कॅट मागवले. बोलणारे गृहस्थ बंदीआधी रोज रात्री ॲपवर बसणारे. तेरा पानं हातात आली आणि त्यांना ती पंख्यासारखी धरताही येईनात. चौथ्या-पाचव्या पाळीला मी विचारलं, आतापर्यंत किलवरची कोणती पानं पडली? उत्तर नाही. थोड्या वेळानं मोठ्या आवाजात शो केला. चार गट होते, चारही ठिकाणी कुठे काटलेला जोकर, कुठे छापील जोकर, कुठे एकाच आकड्याची पानं. शुद्ध सिक्वेन्स एकही नाही. पूर्ण 80 गुण. ओशाळून ते म्हणाले, "तिथे आपोआप कळतं." त्यांची थट्टा करावी असं मला वाटलं नाही, वाईट वाटलं. इतक्या रात्री पैसे मोजून या माणसाला खेळ शिकवलाच गेला नव्हता.

आणि कृपा करून सुप्रीम कोर्टाचा अर्धा निकाल तोंडावर फेकू नका. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. 1968 चा म्हणून ज्याचा दाखला सगळे देतात, तो हाच. सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांची धाड पडली होती. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. हे वाक्य ॲपवाल्यांना तोंडपाठ. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे की क्लबाचा किंवा घराचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावांतून नफा कमावत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. प्रत्येक टेबलावरून आपला वाटा कापून घेणाऱ्यांनी ते वाक्य का पाठ केलं नाही? नवा कायदा तर कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवतो. पैसे लावून घेणाऱ्या ऑनलाइन खेळाला तो तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगतो, जाहिरात करणाऱ्यालाही सोडत नाही, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा करत नाही. हे मला योग्य वाटतं. जाहिरातीतले ते हसरे नट आता गप्प आहेत. त्यांच्यातल्या एकानं तरी घेतलेलं मानधन परत केल्याचं कळलं तर मी आनंदानं इथे लिहीन.

रमीतली सगळ्यात अवघड गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ती आहे 'पॅक' म्हणणं. पानं वाईट आली, जोकर नाही, दोन पानांचीही जोडी नाही, तर पहिल्याच पाळीला हात खाली ठेवायचा आणि 20 गुण घ्यायचे. खेळात उतरल्यावर सोडलं तर 40. हट्टानं शेवटपर्यंत बसलं आणि काहीच जुळलं नाही तर 80. मोठी माणसं पोरांना हे मुद्दाम शिकवायची. पोराला प्रत्येक हात जिंकायचा असतो. पॅक म्हणताना त्याचे डोळे भरून येतात, पण एकदा जमलं की त्याला खेळ कळला असं समजतात. आता विचार करा, ज्या धंद्याची कमाई लोक किती वेळ खेळत राहतात यावर आहे, त्याला वेळेवर उठणारा खेळाडू परवडेल का? त्याला मध्यरात्री हरलेले पैसे परत मिळवायला बसणारा माणूस हवा. मग कर्ज काढून बसणारा. देशातल्या लोकांचे या खेळांत 20 हजार कोटींहून जास्त गेले, असा सरकारी अंदाज आहे. आकडा थोडा मागेपुढे होईल. पण त्या पैशांतला मोठा भाग पॅक म्हणता न आलेल्या माणसांचा आहे, याबद्दल मला शंका नाही. जो खेळातलं मुख्य कौशल्य माणसाच्या अंगी येऊच देत नाही, त्यानं कौशल्याच्या नावानं कोर्टात उभं राहावं, हा निर्लज्जपणा आहे.

म्हणून म्हणतो, गौरी-गणपतीत घरात माणसं असतात, तेव्हा पोरांना रमी शिकवा. खरी पानं घेऊन, सतरंजीवर, आजी-मामांच्या समोर. हरलेल्यानं पानं गोळा करून पिसायची, हा नियम पाळा. पिसून ठेवलेला कॅट शेजाऱ्यानं काटल्याशिवाय वाटू नका. लहान आहे म्हणून मुद्दाम जिंकू देऊ नका, त्यानं पोरं खोटी वाढतात. आणि वाटताना बोटाला थुंकी लावणाऱ्याला ताबडतोब उठवा, तो कितीही मोठा असो.

पैशांचं काय, असं कोणी विचारेल. आमच्याकडे वाटीत रुपयाची नाणी टाकून खेळायची रीत आहे, आणि रात्री त्या नाण्यांची भेळ येते. तत्त्वाला धरून बोलायचं तर तेही बरं नाही. असेल. त्या वाटीवर मी वाद घालणार नाही. पण दर डावाला त्यातली दोन नाणी उचलून खिशात टाकणारा कोणी परका सतरंजीच्या कडेला येऊन बसला, तर त्याला मी घराबाहेर काढीन, आणि त्यानं सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला तर त्यातलं पुढचं वाक्य वाचून दाखवीन.