मिळाला का?

पैठण रस्त्यावर चितेगावच्या फाट्याला हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे दोन तऱ्हेची माणसं चहा पीत असतात. रात्रपाळी सुटलेले कंपन्यांमधले कामगार, आणि नाथसागराकडे, जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, निघालेले आम्ही. त्यांच्या खांद्याला डबा, आमच्या खांद्याला तोफ. लेन्सवर हिरवट-तपकिरी ठिपक्यांचं कापड चढवलेलं, म्हणजे पक्ष्यांना आम्ही झुडूप वाटावं. (पक्ष्यांना काय वाटतं ते पक्षी जाणोत, चहावाला मात्र आम्हाला मिलिटरीवाले म्हणतो.) एकदा एका कामगारानं विचारलं, "केवढ्याला पडली हो ही?" माझ्या मित्रानं किंमत निम्मी करून सांगितली, तरी त्या माणसाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

आमच्यात मात्र विचारायची गोष्ट एकच. "काल काय मिळालं?"

हा 'मिळाला' मला अलीकडे टोचायला लागला आहे. दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणारी जुनी मंडळी अजून "दिसला" म्हणतात. लेन्स आली आणि क्रियापद बदललं. "फ्लेमिंगो मिळाले?" "ऑस्प्रे मिळाला, पण पायात मासा नव्हता." म्हणजे पक्षी आला, डोक्यावरून गेला, तरी तक्रार आहेच, भाजीत मीठ कमी असल्यासारखी.

एका मे महिन्यातली गोष्ट. चितेगावच्या कंपन्यांच्या मागं मुरमाचा एक पडीक माळ होता. तिथं टिटवीचं घरटं सापडलं. घरटं म्हणायचं ते आपण. खरं तर खड्यांमधला बशीएवढा खळगा. आत चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला जुळवून ठेवलेली, रंग असा की नजर क्षणभर हलली तर पुन्हा सापडू नयेत. सकाळचे साडेदहा वाजले होते, ऊन चाळिशीकडे निघालेलं. मी पोटावर आडवा झालो, सहाशेची लेन्स मुरमावर टेकवली आणि टिटवी अंड्यांवर येऊन बसण्याची वाट बघू लागलो. ती येईना. वीसेक पावलांवर उभी राहून ओरडत होती, मान वरखाली करत होती, मध्येच उडून माझ्या डोक्यावरून घिरटी घालत होती. मी शटर दाबत होतो. चोच उघडी, डोळ्यापुढचं लाल कातडं उन्हात चमकणारं, मागचा माळ धूसर. काय फ्रेम होती!

पाऊण तास गेला. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं लांबूनच हटकलं. "दादा, कव्हाची वरडायली ती. उठा की तिथून. अंडी शिजतीन उन्हानं."

मी उठलो. उठताना जरा राग आला होता, हेही सांगतो.

घरी जाऊन वाचलं. आपण समजतो की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. मराठवाड्याच्या मे महिन्यात टिटवी बसते ती सावली धरायला. पाण्यात उभी राहून पोटाची पिसं भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते, गार पदर ठेवावा तशी. माझ्या पाऊण तासात ती ना पाण्याकडे जाऊ शकली, ना अंड्यांकडे. माझ्या सगळ्या उत्तम फोटोंमध्ये तिची चोच उघडी आहे. त्याला मी 'अ‍ॅक्शन' म्हणत होतो.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं, हाकून नेणं हे सगळं तिच्यात येतंच. पण पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेही त्याच व्याख्येत घातलं आहे. बंदूक हवीच असं नाही. कॅमेरा इकडे आणि शिकार तिकडे, अशी मनात आखलेली रेष कायद्यानं केव्हाच पुसून टाकली आहे. आम्हाला ती अजून दिसते, इतकंच.

माझं पाप त्यातल्या त्यात आळशी माणसाचं. हौस पुढे गेली की लोक घरट्यासमोरच्या फांद्या छाटतात, नाहीतर दोरीनं बाजूला बांधतात. फोटो स्वच्छ येतो आणि दुपारचं ऊन, कावळा, शिक्रा या सगळ्यांनाही घरटं स्वच्छ दिसतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावतात. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला; तो चरायचं सोडून बिचारा स्पीकरशी भांडत बसतो. घुबडासमोर पांढरा उंदीर सोडणारेही आहेत. यावर अधिक लिहायची इच्छा नाही.

नाथसागराचं वेगळं आहे. तिथं प्रश्न घरट्याचा नसतो, थव्याचा असतो. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ सालचं, क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. धरणाचं पाणी पसरट आणि उथळ. ते मागे सरकत जातं तसा गाळ उघडा पडतो आणि गाळपेर जमिनीत शेतकरी हरभरा, गहू टाकतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब या उथळ काठावर विसावतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला इथं दोनच कामं असतात, खाणं आणि विश्रांती; परतीचा प्रवास इथं साठवलेल्या चरबीवर व्हायचा असतो. आणि आमच्यापैकी कुणीतरी नावाड्याला म्हणतो, "जरा जवळ घे ना, उठू दे." कारण बसलेला थवा सगळ्यांकडे आहे, उडता हवा. नावाड्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याची रोजी त्या 'जवळ घे'वर आहे. थवा उठतो, चक्कर मारून लांब उतरतो. मग दुसरी नाव निघते.

बंदुकीच्या काळातल्या लोकांना नावं ठेवणं सोपं असतं, पण तिथंही थांबून बघावं लागतं. आपल्या छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाज्यापाशी ज्यांच्या नावाचं सरोवर आहे त्या सलीम अलींची पक्ष्यांची वाट छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाली. ही चिमणी कोणती, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेव्हाचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला कपाटातले पक्षी उघडून दाखवले. पुढेही सलीम अलींनी अभ्यासासाठी पक्षी मारले आणि ते लपवलं नाही. मारलेल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असे, तिच्यावर ठिकाण आणि तारीख खरी असे.

ही चिठ्ठी खोटी लिहिली तर काय होतं, ते खानदेशात घडलेलं आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसननं खानदेशात मारलेल्या नमुन्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. अपवाद एका नमुन्याचा: कर्नल मायनर्ट्‌झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं सांगितलेला. मिळाला! पुढच्या शोधांची दिशा त्या नोंदीनं चुकवली. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच एक पक्षी चोरून, नव्यानं भरून, त्याला आपली चिठ्ठी बांधली होती. खोटं बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर बसलेला.

आपण काही कोणाचा पक्षी चोरत नाही. पण हरभऱ्यावरून तरंगत जाणारी, भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी घ्या. तिच्यात आणि तिच्या जातभगिनींमध्ये फरक असतो तो गळ्याभोवतीच्या फिकट पट्ट्यात, पंखांच्या टोकांत. लांबून, पाठमोरी, तीन सेकंद दिसली की प्रामाणिक उत्तर एवढंच असतं: भोवत्या, मादी, जात कळली नाही. पण ॲप नाव सुचवतं, सोबतचा म्हणतो "तीच असणार", यादीत ती नसते, आणि बोट 'हो'वर जातं. यादी एकानं वाढते. आमच्याकडे याला 'लायफर' म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला. त्यातले काही लायफर न दिसताच झालेले आहेत. माझेही दोन आहेत. कोणते ते मला माहीत आहे.

अशा घेण्याला जुना शब्द आहे. मराठवाड्यातल्या बुद्धविहारांत संध्याकाळी पंचशील म्हटलं जातं. दुसरं शील अदिन्नादानाचं. सोप्या मराठीत आपण त्याला 'चोरी न करणं' म्हणतो, पण मूळ शब्द त्याहून कडक आहे: जे दिलेलं नाही ते घेणं. जैनांकडेही तोच शब्द, अदत्तादान. चोरीला मालक लागतो, तक्रार लागते. न दिलेलं घेण्याला यातलं काहीच लागत नाही, घेणारा पुरतो. मग विचारावं लागतं की पक्ष्यानं काय दिलं होतं? टिटवीनं बरंच दिलं होतं. वीस पावलांवर उभी राहून ती पाऊण तास सांगत होती की इथपर्यंत ठीक, याच्यापुढे नाही. शेळ्या राखणाऱ्या बाईला ते चालता चालता समजलं. माझ्या आणि टिटवीच्या मध्ये सहाशे मिलिमीटर काच होती.

त्या म्हातारीनं उठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पुन्हा गेलो. गाडी रस्त्यावरच ठेवली, काच खाली केली, इंजिन बंद. दहा मिनिटांनी ती माळाच्या टोकाकडच्या डबक्याकडून आली. उडत नाही, चालत. थोडं चाले, थांबे, इकडेतिकडे बघे. पोटाची पांढरी पिसं चिकटून काळपट झालेली, थेंब पडत असावेत, पण एवढ्या लांबून ते दिसणं शक्य नव्हतं. खळग्यापाशी येऊन तिनं पाय दुमडले, अंग डावी-उजवीकडे हलवून अंडी नीट घेतली आणि बसली. फोटोत ती चिंचोक्याएवढी आहे.

तीन आठवड्यांनी पाहिलं तर खळगा रिकामा. टिटवीची पिल्लं फुटल्या दिवशीच चालायला लागतात आणि आईबाप टरफलंही उचलून नेतात. मुंगूस येऊन गेला तरी खळगा असाच दिसतो. वही उघडली. 'पिल्लं बाहेर पडली' असं लिहायला हात शिवशिवत होता. शेवटी तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि पुढे: खळगा रिकामा, टिटवी दिसली नाही.