छपरावरची गोधडी



गेल्या आगमनकाळात आपल्या महिला मंडळाने गोधड्या शिवल्या, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सभागृहाची फरशी पुसून तिच्यावर जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरायची, कडांवर वजने ठेवायची, आणि चौघींनी चार बाजूंनी धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. एकेका गोधडीला कितीतरी दुपारी लागल्या. नाताळच्या आदल्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवर जाऊन आम्ही त्या वाटल्या. फोटोही काढला. (तो काढला नसता तर बरे झाले असते, असे आता वाटते.)

जानेवारीत त्याच भट्टीवर पुन्हा जाणे झाले. सोबत मंडळातील एक मावशी होत्या. आपल्या हातची गोधडी त्यांनी लांबूनच ओळखली. ती एका खोपटाच्या पत्र्यावर पसरलेली होती आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर विटा ठेवल्या होत्या. आत पोरे कोणीतरी दिलेले नवे कोरे, वाघाच्या चित्राचे ब्लँकेट पांघरून बसली होती. त्या घरच्या बाईला काही लपवावेसे वाटले नाही. ती म्हणाली, "रातीला पत्र्याचं पाणी ठिबकतं, म्हणून वर टाकली. जुन्या कापडाचीच हाय ना ती."

मावशी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आल्या नि म्हणाल्या, "फादर, तिच्यात माझ्या आईचं लुगडं होतं. यंदा माझं नाव धरू नका."

आम्ही तयार उत्तर दिले. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे. देऊन मोकळे व्हावे, वगैरे. मावशींनी ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, तुम्ही कधी सुई धरलीय का?" आम्ही फार तर झग्याचे बटण लावले असेल. त्यामुळे गप्प बसलो. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

आधी मावशींची बाजू घेऊ. कदर व्हावी असे वाटणे हे पाप आहे का? लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि एकच, तोही शोमरोनी, आभार मानायला परत येतो. प्रभू उरलेल्या नऊ जणांची विचारपूस करतो. म्हणजे ते आले नाहीत हे त्याच्याही लक्षात आले. मग मावशींच्या लक्षात आले तर आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने उपदेश करावा? मात्र त्या नऊ जणांचे बरे होणे प्रभूने परत घेतले नाही, हेही तिथेच दिसते.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्विनास शिकवले जात. तेराव्या शतकातील या विचारवंताने अगदी हाच प्रश्न घेतला आहे: कृतघ्न माणसाला देणे थांबवावे का? त्यांचे म्हणणे असे, की एखाद्याला कृतघ्न ठरवण्याची घाई करू नये. ज्याने परतफेड केली नाही, त्याच्या मनात ती असू शकेल. उलट पुन्हा देऊन त्याला कृतज्ञ होण्याची संधी द्यावी. पण देण्यानेच तो अधिक बिघडत असेल तर थांबावे. देणगी म्हणजे परत न मिळण्यासाठी दिलेली वस्तू, असेही ते ॲरिस्टॉटलच्या आधाराने सांगतात. ही व्याख्या कडक आहे. तिच्या हिशेबाने गोधडी मावशींनी दिली, पण आईचे लुगडे मनात स्वतःकडेच ठेवले. ते साहजिकच आहे. पण घेणाऱ्या बाईला त्या लुगड्याची गोष्ट कोणी सांगितली होती? तिच्या हाती फक्त जुने कापड आले.

आणि हे जुने कापडच आम्हाला अधिक बोचते. आपल्या मराठवाड्यात जुनेर कोणी कोणाला द्यायचे आणि कोणी मुकाट्याने घ्यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलेले होते. मेलेल्याचे कपडे चांडाळांनी नेसावेत असे मनुस्मृतीतच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्याच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना नीट, अंगभर लुगडे नेसण्यास सांगितले. कापडाचा मानाशी किती जवळचा संबंध आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यांनी असे जुनेर नेसलेले आहे. मग जिने जुन्या कापडापेक्षा कारखान्यातले नवे ब्लँकेट पोरांच्या अंगावर घातले, तिला कदर नाही असे आपण कसे म्हणावे? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मच्छीमार बायांनी ते घेतले नाहीत. घर वाहून गेले होते, मान शिल्लक होता. दिल्लीची 'गूंज' ही संस्था जुनेच कपडे देते, पण गावाने आपल्या विहिरीचे किंवा रस्त्याचे काम केले की त्याचा मोबदला म्हणून.

अर्थात गोधडी म्हणजे उतरण नव्हे. ती आपल्या घरात बाळंतिणीला नि बाळाला दिली जाते. पण तिथे देणारी आणि घेणारी एकमेकींना ओळखतात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ काढून पाहा. यापो येथील टबीथा मरण पावते तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. ती त्यांच्यात असताना तिने ते केले होते, असे तिथे म्हटले आहे. 'त्यांच्यात असताना' हे आम्ही आजवर कितीदा वाचले, पण तिथे कधी थांबलो नाही. टबीथाला त्या बायांची मापे माहीत असणार. आम्ही तर भट्टीवर अर्धा तास होतो, आणि त्यातला बराचसा फोटोत गेला. पत्रा ठिबकतो का, हे कोणी विचारले नाही.

मावशींचे दुःख त्याने कमी होत नाही. आईचे लुगडे विटांखाली भिजले, हे खरेच आहे. कोणी त्यांना आग्रह करू नये, ही विनंती.

या मंगळवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या चार-पाच जणी भट्टीवर जातील, रिकाम्या हातांनी. तिथल्या बायांना काय हवे ते विचारतील. गोधडी हवी असे कोणी म्हणाले, तर तिचे कापड तिच्याच घरचे घेऊन, तिच्यासोबत बसून शिवावी असा विचार आहे. पत्रे हवेत असे म्हणाले, तर पत्र्यांसाठी वर्गणी काढू. ज्यांच्याकडे धुतलेली सुती लुगडी असतील त्यांनी ती सभागृहात आणून द्यावीत. नायलॉन नको, त्यात ऊब नसते. आणि आठवण म्हणून जपावे असे लुगडे मात्र घरीच ठेवावे.

आपला,
धर्मगुरू