बियाण्याची स्थिरता आणि गुणसूत्रांच्या जोड्या

मुळशी तालुक्यातील भातखाचरांत आंबेमोहोरही लावला जातो आणि त्याच्याच वंशातला इंद्रायणीही. या दोन वाणांचे नाते उलगडायचे तर भाताच्या पेशीतील गुणसूत्रांच्या १२ जोड्यांपर्यंत जावे लागते. गुणसूत्र म्हणजे जनुके ओळीने धारण करणारा डीएनएचा धागा; प्रत्येक जोडीतील एक परागकणातून आणि दुसरे बीजांडातून आलेले असते. रोप वाढताना होणाऱ्या सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघून दोन्ही पेशींना सारखा वाटा मिळतो, आणि जोडीदारांचा एकमेकांशी संबंध येत नाही. परागकण व बीजांडे घडवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र जोडीदार शेजारी येतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात, ज्याला जनुकीय विनिमय म्हणतात, आणि मग विरुद्ध टोकांना जातात. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे विभागली जात असल्याने, विनिमय न धरताही, वाटणीचे ४,०९६ प्रकार संभवतात.

आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवडलेला इंद्रायणी १९८७ मध्ये प्रसारित झाला. पण संकर करताच हे वाण जन्मले नव्हते. पहिल्या पिढीत उंच, सुवासिक आणि बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या भाताची गुणसूत्रे फक्त एका पेशीत आली. गुणांची नवी जुळणी झाली ती त्या पिढीच्या फुलांत. आयआर-८ च्या बुटकेपणाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आणि तांदळाच्या सुवासाशी निगडित प्रमुख जनुक आठव्या गुणसूत्रावर असल्याने ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जातात; दोन्ही गुण अप्रभावी असल्यामुळे ते एकत्र आलेले रोप दुसऱ्या पिढीत सरासरी सोळांत एकच मिळते.

भात स्वपरागित असल्याने पुढे प्रत्येक पिढीत भिन्न जनुकांच्या जोड्यांचे प्रमाण निम्म्याने घटते, आणि अखेर जोडीदार जवळजवळ एकसारखे होतात. विनिमय तेव्हाही चालूच असतो, परंतु सारख्यांच्या अदलाबदलीतून काही बदलत नाही. म्हणूनच अशा सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरचेच राखू शकतो, तर संकरित वाणाच्या भिन्न जोड्या पुढच्याच पिढीत फुटत असल्याने ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. बियाण्याची शुद्धता म्हणजे पेशीतील हालचाल थांबणे नव्हे, तर त्या हालचालीला वेगळे काही हाती न लागणे होय. त्यामुळे शुद्ध वाण जितके भरवशाचे, तितकेच ते आपल्या बळावर नवे काही घडवण्यास असमर्थ असते, आणि पुढच्या वाणासाठी आंबेमोहोरासारखे भिन्न वंश शेतात टिकवणे ही केवळ परंपरेची नव्हे, तर पैदाशीचीही गरज ठरते.