चष्मा सुटला तेव्हा

गेल्या वैशाखात माझा चष्मा सुटला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय चालू होता. पुसायला म्हणून चष्मा काढला, तर ओव्या तशाच वाचता येऊ लागल्या. विश्वरूप पाहण्यासाठी अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते, तो हाच अध्याय. पोथी कपाळाला लावून मी रडले. दुसऱ्या दिवशी इथे सासवडला सोपानदेवांच्या समाधीपाशी नारळ वाढवून आले.

तेव्हा तहान भागत नव्हती, रात्री चार-चारदा उठावं लागे. उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. गच्चीवरून पुरंदर धुरकट दिसे, त्याचा दोष धुळीला दिला. जवळचं मिळालं ते मोजलं, लांबचं गेलं ते मोजलंच नाही.

आषाढात रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर 312. इन्सुलिन सुरू झालं, साखर उतरू लागली आणि दहाव्या दिवशी पोथीतली अक्षरं विरघळली. चष्मा लावूनसुद्धा. औषधानं डोळे घालवले असं वाटून मी सुई बंद करायला निघाले होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदा तपासला. तो नीट होता. मग त्यांनी सांगितलं ते असं : डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, भोवतीच्या पाण्यावर ते जगतं. रक्तातली साखर वाढली की भिंगातही शिरते. तिथे तिचं सॉर्बिटॉल होतं आणि ते सहजी बाहेर पडत नाही. रक्तातली साखर भरभर उतरली तरी ते आत उरतं, पाणी ओढतं, नंबर बदलतो. भिंग ठिकाणावर यायला काही आठवडे जातील. तोवर इन्सुलिन सोडू नका, नवा चष्माही करू नका. आणि वैशाखातली ती दृष्टी? तीही वाढलेल्या साखरेचीच.

मग मी रडले ते कशापायी?

दृग्दृश्यविवेक या वेदान्तग्रंथात पाहण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. रूप डोळ्याला दिसतं. डोळ्याचं आंधळेपण, मंदपण, तीक्ष्णपण मनाला कळतं. मनाला पाहतो तो साक्षी. प्रवचनात हे ऐकताना मी माना डोलावल्या होत्या. आता मधल्या पायरीवरच अडले. डोळा तीक्ष्ण झाला हे मनाला बरोबर कळलं, पण त्यानं त्याला लगेच कृपा म्हटलं. ते मनही त्याच रक्तावर चाललेलं. साखर वाढल्याचं साक्षीनं मला सांगितलं नाही, बोटातून काढलेल्या थेंबानं सांगितलं. देवानं दिलेलं तपासून पाहणं म्हणजे अश्रद्धा, असं मी जन्मभर धरून चालले. ते चूक होतं, आणि त्या चुकीनं माझे दोन महिने गेले. ते अश्रू मात्र मी मागे घेत नाही. त्यांचं कारण खोटं निघालं. ज्याच्यापुढे डोकं टेकलं तो खोटा निघाला नाही.

अक्षरं दिसेनात तेव्हा सून संध्याकाळी वाचून दाखवू लागली. ऐकताना प्रथमच लक्षात आलं, की विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन देवाला म्हणतो, तुझं नेहमीचं रूप मला पुन्हा दाखव. वीस वर्षं वाचत होते, तिथे कधी थांबले नव्हते.

सहाव्या आठवड्यात जुनाच चष्मा जमला. काल पाऊस उघडला, गच्चीवर गेले. पुरंदर आणि त्याला लागून असलेला वज्रगड, दोन्ही वेगळे दिसले.