गडग्यापाशी

रात्रीचे साडेदहा झाले असतील. भांडी पालथी घालून झाली, विरजण लावलं, गजरही लावला. मांडीवरचं पुस्तक आता मिटा. पान दुमडू नका, हवं तर बोट आत राहू द्या. आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. वाचणं हे श्रवणाच्याच घरातलं. मधलं मनन आपण बहुतेक वेळा गाळतो, आणि मालिकेतल्या कादंबऱ्या वाचताना तर ते हमखास गळतं, कारण पुढचा भाग उशाशीच वाट बघत असतो. आज तो तिथेच राहू दे.

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत मी फक्त अद्भुताच्या कादंबऱ्या वाचल्या, त्याही मालिकांमधल्या. सुरुवात टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ने केली. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेली ती खरं तर एकच सलग कादंबरी आहे, आणि तिच्यात चालणं इतकं आहे की वाचता वाचता माझेच पाय भरून यायचे. मग रॉबर्ट जॉर्डनची चौदा खंडांची ‘व्हील ऑफ टाइम’. तिचे पाचच खंड झाले. २००७ मध्ये जॉर्डन गेले तेव्हा ती अपुरी होती. त्यांच्या टिपणांच्या आधाराने ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये ती पुरी झाली. हे कळलं तेव्हा मला बाणभट्ट आठवला. सातव्या शतकातली त्याची ‘कादंबरी’ही अशीच अपुरी राहिली होती आणि त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. पोपटाच्या तोंडून राजाला सांगितलेली, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाणारी प्रेमाची गोष्ट. तिचंच नाव मराठीने या साऱ्या साहित्यप्रकाराला दिलं. फार वर्षं मी अद्भुताला मुलांच्या कपाटात ठेवलं होतं. त्या काळात मी दर वेळी ‘कादंबरी’ म्हणताना एका अद्भुत गोष्टीचंच नाव घेत होते.

पण आज बसायचं आहे ते अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’पाशी. सहा पुस्तकं. पहिलं १९६८चं, शेवटची दोन २००१ची. बेटांचं जग, शिडाच्या होड्या, आणि गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक मुलगा.

सुरुवात पावसापासून करू.

ओजियन हा गॉन्टवरचा मोठा जादूगार. भूकंप शांत केलेला माणूस. तो शेळ्या राखणारा मुलगा, गेड, त्याचा शिष्य होऊन त्याच्याबरोबर रानातून चालू लागतो आणि पाऊस येतो. या बेटांवर जादूगाराला ढग दुसरीकडे वळवता येतात. साधेसुधे मांत्रिकही ते करतात. ओजियन करत नाही. पाऊस पडू देतो, दाट झाड शोधतो आणि त्याच्याखाली निजतो. गेड ओल्या झुडपात चरफडत पडून राहतो. ज्याला येतं त्याने ते करायचं नाही, तर मग येऊन उपयोग काय, हा त्याचा प्रश्न. पहिल्या वाचनात मीही गेडच्याच बाजूने होते.

आता डोळे मिटून तो पाऊस ऐका. पत्र्यावरचा नको, पानांवरचा. आज दिवसभरात असं काय होतं जे तुम्हाला वळवता आलं असतं आणि तुम्ही वळवलंत? एखाद्याचं बोलणं मध्येच तोडलं असेल, मुलाची चूक त्याला दिसण्याआधीच दुरुस्त केली असेल. ते पुन्हा एकदा घडू द्या, आणि या वेळी हात मागे ठेवा. काय होतं ते नुसतं पाहा. ल ग्विन यांना लाओत्सेचा ओढा आयुष्यभर होता. १९९७ मध्ये त्यांनी ‘ताओ ते चिंग’ स्वतःच्या इंग्रजीत आणलं. पण त्या झाडाखालच्या ओल्या रात्रीत ते सगळं त्याच्या एकोणतीस वर्षं आधीच आहे.

आता नावाकडे वळू. इथे मी वर्षभरात सगळ्यात जास्त थांबले.

या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते लपवून ठेवायचं असतं. ज्याला ते ठाऊक, त्याच्या हाती तुमचा जीव. गेडची आई तो वर्षाचाही नव्हता तेव्हा गेली. तिने ठेवलेलं डनी हे नाव तेराव्या वर्षी त्याची मावशी त्याच्याकडून काढून घेते. तो बिननावाचा, उघड्या अंगाने झऱ्याच्या गार पाण्यात उतरतो, पलीकडे चालत जातो. काठावर ओजियन उभा असतो. तो त्याचा दंड धरतो आणि कानात सांगतो: गेड.

आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते. आधी कुर्र करते, मग हळूच नाव सांगते, आणि बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. नाव पहिल्यांदा कानातच सांगायचं असतं. माझी आजी शेवटपर्यंत आजोबांचं नाव उच्चारत नसे. उखाण्यात घ्यायची तेवढंच, तेही यमकाच्या आड ठेवून. मला ते नेहमी ओझं वाटायचं आणि अर्धं तरी ते होतंच, कारण आजोबा तिला दिवसातून दहा वेळा नावाने हाक मारत. पण या पुस्तकानंतर त्या न बोलण्यात आणखी काही तरी दिसू लागलं. ज्या नावाला जपायचं ते रस्त्यावर टाकायचं नाही, अशी एक जुनी भीती आणि तिच्या पोटातली माया.

ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक माणूस एकटाच रानातून बाहेर आला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा; बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवलं होतं. आपलं नाव परक्याला सांगायचं नाही ही त्याच्या लोकांची रीत. त्याने ते सांगितलं नाही. क्रोबरनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला, खरं नाव बरोबर घेऊन. ल ग्विन यांचा जन्म १९२९चा, तेव्हा त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. पण त्याचं चरित्र लिहिलं ते त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ मध्ये. सात वर्षांनी मुलीची ही कादंबरी आली. या दोन गोष्टी मला आता वेगवेगळ्या ठेवता येत नाहीत.

इथे जरा थांबा. तुम्हाला आजवर ज्या ज्या नावांनी हाक मारली गेली ती आठवा. घाई नको. शाळेच्या हजेरीतलं, कचेरीतलं आडनाव, घरातलं लाडाचं, आणि ते एक, जे आता कुणीच घेत नाही कारण घेणारं माणूस उरलेलं नाही. त्या शेवटच्या नावाने मनातल्या मनात स्वतःला एकदा हाक मारा.

दुसऱ्या पुस्तकात, १९७१च्या ‘टूम्स ऑफ अट्वान’मध्ये, पाच वर्षांच्या टेनारला आईबापांपासून उचलून नेतात. वाळवंटातल्या थडग्यांची पुजारीण म्हणून तिची स्थापना होते आणि तिचं नाव काढून घेतात. नवं नाव आर्हा, म्हणजे गिळली गेलेली. थडग्यांखाली भुयारांचं जाळं आहे आणि तिथल्या मुख्य गुहेत दिवा न्यायचा नाही. ती मुलगी सगळं हातांनी शिकते. कितवं वळण, डावीकडचं की उजवीकडचं, भिंत कुठे खरखरीत लागते. एक दिवस त्या काळोखात तिला उजेड दिसतो: गेड, काठीच्या टोकावर प्रकाश धरलेला. ती त्याला कोंडते, मारू शकत असते, मारत नाही. आणि तो तिला तिचं नाव परत देतो. टेनार.

हे वाचलं तेव्हा मी गावी होते, रत्नागिरीकडे. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिच्या लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. हे मला माहीत होतं, जसं आपल्याला सगळ्या आयांबद्दल माहीत असतं. मी कधी विचारलं नव्हतं ते एवढंच: जुनं नाव सुटलं तेव्हा काय वाटलं? त्या दिवशी विचारलं.

ती खडा बाजूला टाकत म्हणाली, “पहिलं वर्षभर कुणी हाक मारली की मी वळायचेच नाही. सासूबाईंना वाटायचं, कानाने अधू आहे की काय.”

“आणि आता कुणी जुन्या नावाने बोलावलं तर?”

“तुझा मामा फोनवर म्हणतो की.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “तेव्हा पटकन वळते.”

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पहिल्या पुस्तकातली सावलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तिच्यापाशी फार बसत नाही. ईर्षेपायी गेड जी सावली मोकळी सोडतो तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो, आणि शेवटी दोघं एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात. त्या प्रसंगापेक्षा मला एक लहान प्रसंग मोलाचा वाटतो. सावली मोकळी सुटली त्या अपघातानंतर गेड खंगलेला, चेहऱ्यावर वण, सगळ्यांना नकोसा. तेव्हा त्याचा मित्र व्हेच येतो आणि त्याला आपलं खरं नाव सांगून टाकतो. सांत्वनाचा शब्दही नाही. माझा जीव तुझ्या हातात दिला, एवढंच. असं नाव तुम्हाला कुणी दिलं होतं? त्या माणसाचा चेहरा समोर आणा आणि काही न मागता पाहत राहा.

आता अठरा वर्षं जाऊ द्यायची आहेत. तिसरं पुस्तक १९७२चं. त्यात मरणाच्या कोरड्या प्रदेशातून परतताना गेडची सगळी जादू संपते. पुढचं ‘टेहानू’ आलं १९९० मध्ये. वाचकाला दोन्हींच्या मधे फक्त एक पान उलटावं लागतं. मी मुद्दाम महिनाभर थांबले, आणि तुम्हीही थांबावं असं मला फार वाटतं. कारण ‘टेहानू’ उघडल्यावर टेनार पन्नाशीकडे झुकलेली विधवा आहे. शेतकऱ्याच्या घरात तिची हयात गेली, मुलं मोठी झाली. तिच्यापाशी एक पोर आली आहे, जिला तिच्याच माणसांनी छळून आगीत टाकलं. अर्धा चेहरा आणि एक हात जळलेला. गेड परत येतो तो शक्ती हरवलेला, लाजेने लपणारा. ना मोहीम, ना मुद्रा. शेळ्या आहेत, धुणं आहे, पाणी भरायचं आहे, दाराला रात्री कडी घालायची आहे. पुष्कळ वाचकांना हे नको होतं. मला वर्षभरातलं हेच सगळ्यात मोठं पुस्तक वाटलं. आपण उभारलेल्या जगात कोण बोललंच नाही, स्वयंपाकघर कुठे राहिलं, हे पाहायला लेखिका अठरा वर्षांनी त्याच बेटावर उतरल्या. आधीचं एकही वाक्य न खोडता त्यांनी ते आतून बदललं. मुखपृष्ठावर हे अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं, आणि अकरा वर्षांनी त्या पुन्हा आल्या.

पुन्हा आल्या त्या एका भिंतीसाठी. मेलेल्यांचा प्रदेश आणि जिवंतांचा, यांच्यामध्ये या मालिकेत एक बुटकी दगडी भिंत आहे. इंग्रजीत ती वाचली की माझ्या डोळ्यांपुढे गडगाच येतो. आमच्या आगराभोवतीचा, दगडावर दगड रचलेला, मूल सहज ओलांडील असा. ‘द अदर विंड’मधला आल्डर हा फुटकी भांडी सांधणारा मांत्रिक. त्याची बायको लिली गेली आहे. स्वप्नात ती भिंतीपलीकडून त्याचा हात धरते. मग इतर मृतही गोळा होतात आणि आम्हाला सोडवा म्हणतात. तो घाबरून झोपायचंच टाळतो. सल्ला विचारायला गेडकडे येतो तेव्हा म्हातारा गेड शिडीवर चढून अळुबुखार काढत असतो. पुढे एक मांजराचं पिल्लू आल्डरला सोबतीला मिळतं, कारण जिवंत ऊब अंगाशी असली की ते स्वप्न येत नाही.

शेवटी ती भिंत पाडतात. जादूने नाही, हातांनी. दगड उचलायचा, सोडायचा, पुढचा उचलायचा. जन्मभर सांधत आलेला आल्डर सुरुवातीला उभा असतो आणि मग तोही दगडाला हात घालतो.

तुमच्या मांडीवरचा हात उताणा करा. त्यावर एक दगड आहे असं समजा, जांभ्याचा, जरासा ओलसर. त्याचं वजन येऊ द्या. कुठला आहे तो, कुणाच्या आणि तुमच्या मधला, हे लगेच ठरवू नका. जितका वेळ धरवतो तितका वेळ धरा.

या पावसात आमचा मागचा गडगा दोन ठिकाणी ढासळला. दिवाळीला गेले तेव्हा गडी दगड रचत होता. एक खिंडार बुजवून झालं. दुसऱ्याकडे तो वळला तशी आई मागच्या पडवीतून म्हणाली, ते राहू दे, पलीकडच्या वहिनींना हल्ली बेड्यापर्यंत वळसा घालून यायला होत नाही. संध्याकाळी त्या आल्याच तिथून. एक हात दगडावर टेकवला, आधी एक पाय अलीकडे टाकला, जरा थांबल्या, मग दुसरा.